टाकीतला समुद्र

आम्ही मालवण तालुक्यातल्या, अगदी किनाऱ्यावरच्या एका गावातल्या बाराजणी. आमची घरं मासेमारीवर चालतात. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की हातात पैसा नसतो. म्हणून बचत गट केला. आधी कोकम केलं, सुकी मच्छी विकली, मालवणी मसाला केला. गेली चार वर्षं मात्र आम्ही खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळतो. त्यांत शोभेचे समुद्री मासे वाढवतो, आणि एका घरातली मोठी टाकी दर आठवड्याला जाऊन बघतो. रेडिओवर बोलायला बोलावलं तेव्हा ताईंनी सांगितलं, कौतुक नको, काम कसं चालतं ते सांगा. आम्हांलाही तेच बरं वाटलं. कारण आमची सुरुवातच मेलेल्या माशांनी झाली.

नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे असलेला मासा तुम्ही चित्रात पाहिला असेल. पोरं त्याला निमो म्हणतात. तो क्लाउनफिश. हा मासा समुद्रातून न पकडता हॅचरीत जन्माला घालता येतो. नवी मुंबईत ऐरोलीला खाडीकाठी सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथे अशी हॅचरी आहे. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावरही बायकांनी हे काम हाती घेतलं आहे. पिल्लं आणायची, काही महिने टाकीत वाढवायची आणि विकायची, असं हे काम.

शिकवणाऱ्यांनी आम्हांला बजावलं होतं, टाकी भरल्यावर चार ते सहा आठवडे मासे सोडू नका. आम्ही ते वहीत लिहूनही घेतलं. पण गावी येऊन टाकी भरली, तर पाणी आरशासारखं स्वच्छ. पिल्लं आणणारी गाडी त्याच आठवड्यात येणार होती, पुढची कधी येईल ते ठाऊक नव्हतं. एवढं स्वच्छ पाणी असताना थांबायचं कशाला, असं म्हणून आम्ही चौथ्या दिवशी 100 पिल्लं सोडली.

तिसऱ्या दिवशी पहाटे जिची पाळी होती ती धावत आली. "बाये, मासे वर येवन तोंडा उघडतत गो!" आम्ही गेलो. सगळी पिल्लं पाण्याच्या वर येऊन धापा टाकत होती. दोन दिवसांत 69 मेली. गटाच्या बचतीतले 22 हजार त्यात होते. घरी कुणी एक शब्द बोललं नाही, आणि तेच जास्त लागलं.

पाणी स्वच्छ होतं, मग मासे का मेले? कारण विष दिसत नाही. माशाची विष्ठा, उरलेलं खाणं, श्वासावाटे बाहेर पडणारा मळ, यांतून पाण्यात अमोनिया होतो. समुद्र मोठा, तिथे तो विरून जातो. टाकीत तो साठतो. त्यावर उपाय म्हणजे जिवाणू. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषच. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात. ते थोडं असलं तर मासा सोसतो, आणि पाणी बदललं की ते कमी होतं. हे जिवाणू वाळूत, दगडावर, गाळणीच्या स्पंजात घर करतात. पण त्यांना वाढायला आठवडे लागतात.

आमच्या भाषेत सांगायचं तर दही लावण्यासारखं आहे. दूध कितीही चांगलं तापवा, विरजण आणि वेळ दिल्याशिवाय दही होत नाही. आता आम्ही नवी टाकी भरली की जुन्या टाकीतला एक दगड तिच्यात ठेवतो. तेच विरजण. रोज चिमूटभर खाणं टाकतो, म्हणजे जिवाणूंना काम मिळतं. बाटलीत थोडं पाणी घेऊन त्यात चाचणीचे थेंब टाकतो. हिरवं झालं की अमोनिया आहे, पिवळं राहिलं की नाही. नायट्राइटसाठी वेगळे थेंब. दोन्ही शून्य आल्याशिवाय एकही मासा आत जात नाही. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. स्पंज नळाखाली चकचकीत धुऊ नका. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने सगळं विरजण मरतं. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो दोनदा पिळायचा, बस.

दुसरी शिकवण मिठाची. समुद्राच्या एक लीटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. टाकीतलं पाणी रोज थोडं उडतं. आमच्यातली एक वहिनी कमी झालेलं पाणी समुद्राच्याच पाण्याने भरायची. आम्हांलाही ते बरोबर वाटायचं. मासे खाऱ्या पाण्यातले, मग पाणीही खारंच घालायचं ना? आठ-दहा दिवसांत मासे मलूल झाले. तेव्हा आमची काकी म्हणाली, "गो, पाणी उडान जाता, मीठ खंय जाता?" कालवण आटलं की खारट होतं, तसंच. मीठ टाकीतच राहत होतं आणि आम्ही वरून आणखी घालत होतो. तेव्हापासून रोजची भर गोड्या पाण्याची. मीठ मोजायला रिफ्रॅक्टोमीटर नावाची छोटी दुर्बीण असते. काचेवर एक थेंब ठेवायचा, उजेडाकडे धरून बघायचं, आकडा दिसतो. तो 33 ते 35 च्या मध्ये ठेवायचा.

पावसाळ्यात तर समुद्राचं पाणीच भरवशाचं राहत नाही. खाड्या आणि व्हाळ गढूळ गोडं पाणी आणून टाकतात. म्हणून आम्ही मे महिन्यातच भरतीचं पाणी काढतो, निवळू देतो, गाळतो, ब्लीचिंग पावडरने शुद्ध करतो, क्लोरीन पूर्ण गेल्याची चाचणी करतो आणि झाकणाच्या काळ्या टाक्यांत भरून ठेवतो. जसा आगोटीला सुका बाजार भरतो, तसं हे पाणी भरतो.

आणि वीज. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये वादळी पावसात रात्रभर वीज गेली. पंप बंद झाला म्हणजे माशांचा श्वास बंद. आम्ही सहाजणी कंदील घेऊन टाक्यांपाशी बसलो. मग भरून पाणी वर उचलायचं आणि धारेने परत ओतायचं, म्हणजे हवा मिसळते. एक थकली की दुसरी. नऊ तास. सकाळी खांदे हलत नव्हते, पण त्या रात्री एकही मासा गेला नाही. आता बॅटरीवर चालणारे दोन हवेचे पंप घेतले आहेत. तुम्ही हे काम सुरू करणार असाल तर ते आधी घ्या, रंगीत दिवे मागाहून.

या माशांच्या घरातली एक गंमत सांगतो. क्लाउनफिशची सगळी पिल्लं आधी नर असतात. कळपातली सगळ्यात मोठी ती मादी, आणि तिचाच हुकूम. ती मेली की तिचा जोडीदार नर मादी होतो. एक जोडी आम्ही हौसेने ठेवली आहे. तिला राहायला आडवं मडकं दिलं आहे. मादी खापरीवर अंडी चिकटवते आणि फिरायला जाते. नर दिवसभर अंड्यांना पंखांनी वारा घालतो, मेलेलं अंडं तोंडाने उचलून टाकतो. आमची माणसं टाकीपाशी आली की आम्ही मुद्दाम दाखवतो.

आता मोठ्या टाकीची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी आमच्या बाजूच्या वाडीत एका मुंबईच्या गृहस्थांनी घर बांधलं. त्यांना हॉलमध्ये समुद्री टाकी हवी होती. 6 फूट लांब, 2 फूट रुंद, 2 फूट उंच. काठोकाठ भरली तर सुमारे 680 लीटर पाणी, म्हणजे नुसत्या पाण्याचं वजन जवळजवळ 700 किलो. त्यांना ती माडीवर ठेवायची होती. आम्ही म्हटलं, माडीच्या वाशांवर नको, खाली पक्क्या जोत्यावर ठेवा. ते ऐकलं. मग म्हणाले, "आत खरं प्रवाळ पाहिजे. जिवंत. पैशांचं बघू नका."

त्यांनी जी रक्कम सांगितली ती आमच्या तीन महिन्यांच्या कमाईएवढी होती. आमच्यातल्या एकीचा मुलगा पर्यटकांना पाण्याखाली घेऊन जातो. तो म्हणाला, एक फांदी तोडली तर कोणाला कळतंय? खरं सांगतो, आम्ही लगेच नाही म्हटलं नाही. गटाची बैठक बसली ती दिवेलागणीपासून जेवणवेळेपर्यंत. जिचा नवरा आजारी होता ती म्हणाली, मला पैसे हवेत. तिचंही चूक नव्हतं.

मग आम्हांला जे ठाऊक होतं ते एकेक करून मांडलं. प्रवाळ हा दगड दिसला तरी प्राणी आहे, हजारो बारीक जिवांची वसाहत. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उजेडात अन्न करतं आणि दोघंही जगतात. पाणी नेहमीपेक्षा जास्त तापून तसंच राहिलं तर ते शेवाळ निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. काही जातींचं प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2001 मध्ये प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आलं. वाघही त्याच अनुसूचीत आहे. तोडणं, विकणं दोन्ही गुन्हा. आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी 1987 पासून सागरी अभयारण्यात आहे.

परदेशात लोक घरच्या टाकीत प्रवाळ वाढवतात, हापूसचं कलम करावं तसे त्याचे तुकडे करून नवीन वाढवतात. पण त्याला प्रखर दिवे, कायम सारखं तापमान, पाण्यात चुन्याचं मोजून प्रमाण लागतं. आमच्याकडे मे महिन्यात टाकीचं पाणी 32 अंशांवर जातं, वर वीज जाते. तिथे ते जगायचं नाही. ते मेलं की सडतं, आणि माशांनाही घेऊन जातं.

काकी शेवटी बोलली. "खडपात मासो ऱ्हवता. खडप मोडलास तर मासो खंय ऱ्हवतलो? नि तुमचे घोव खंय जातले?" त्यानंतर कुणी वाद घातला नाही. जिला पैसे हवे होते तिला गटातून बिनव्याजी कर्ज दिलं.

त्या गृहस्थांना नाही म्हणताना आम्ही दुसरी वाट दाखवली. तिसऱ्या आणि कालवं यांच्या शिंपल्या आपल्या उकिरड्यावर पडलेल्या असतात. त्या धुऊन, कुटून, सिमेंट आणि जाड्या मिठात कालवायच्या, वाळूच्या साच्यात ओतायच्या. घट्ट झाल्यावर पाण्यात ठेवलं की मीठ विरघळतं आणि दगडाला भोकं पडतात. सिमेंटची झोंब जाईपर्यंत सहा ते आठ आठवडे पाणी बदलत राहायचं. त्या भोकांत जिवाणू राहतात, मासे लपतात. लांबून बघणाऱ्याला खडपच वाटतं. ते पंधरा दिवस गप्प होते. मग फोन आला, करा.

आज त्या टाकीत 14 मासे आहेत. त्यांच्या घरातलं माणूस रोज खाणं देतं, दोन मिनिटांत संपेल एवढंच, आणि गोड्या पाण्याची भर घालतं. आम्ही आठवड्याला दोघी जातो. काचेवरचं शेवाळ खरवडतो, मीठ आणि अमोनिया तपासतो, 60 लीटर पाणी काढून तेवढंच तयार खारं पाणी घालतो, फेस काढणाऱ्या स्किमरची वाटी धुतो. लाटेचा फेस जसा मळ घेऊन किनाऱ्याला लागतो, तसा तो बुडबुड्यांनी मळ वर आणतो. सगळं वहीत लिहितो. आता शिंपल्यांचे दगडही विकले जातात. सगळं मिळून प्रत्येकीच्या हाती महिन्याला दोन ते तीन हजार येतात. फार नाहीत, पण पावसाळ्यातही येतात.

ते गृहस्थ अजून मधूनमधून विचारतात, "एखादा तुकडा खऱ्या प्रवाळाचा...?" आम्ही म्हणतो, तुमचं घर किल्ल्यापासून लांब नाही, एक दिवस चला, होडीतून नेऊन दाखवतो.

मैत्रिणींनो, तुमच्या गटाला हे काम करावंसं वाटलं तर एकाच टाकीने सुरू करा, आधी शिका, वही ठेवा, आणि पहिले सहा आठवडे रिकाम्या पाण्याकडे बघत बसायची तयारी ठेवा. शेजारीपाजारी हसतील. आम्हांलाही हसले होते.