अबू ताहिरचं घराणं आणि काशानची झळाळी

पडद्यावरच्या या फरशीत सोन्याचा कणसुद्धा नाही. आठ टोकांच्या ताऱ्याची ही फरशी इराणमधल्या काशान शहरात १२६२च्या सुमारास भाजली गेली. समोरून पाहिली तर नक्षी तपकिरी, जराशी मळकटच वाटते. उजेड तिरपा पडला की तीच नक्षी सोन्यासारखी पेटते. ही करामत चांदीची आणि तांब्याची आहे, आणि त्याहून जास्त धुराची.

ही विद्या काशानात जन्मली नाही. आठव्या शतकात इजिप्तमध्ये काचेच्या भांड्यांवर ती दिसते, नवव्या शतकात इराकमधल्या बसऱ्याचे कुंभार ती मातीच्या भांड्यांवर आणतात. ट्युनिशियातल्या कैरूआनच्या मशिदीत मेहराबीभोवती, म्हणजे मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याभोवती, लावलेल्या त्या काळच्या फरश्या आजही आहेत. पुढे फातिमी खलिफांच्या इजिप्तमध्ये ती भरभराटली आणि बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात काशानला पोहोचली. तिथं तिला एक घराणं लाभलं, अबू ताहिरचं. आज मला मुख्यतः त्या घराण्याबद्दल बोलायचं आहे.

कारागिराच्या घरातलं ज्ञान सहसा कागदावर येत नाही. या घरातला अबुल कासिम मात्र मंगोल राजांच्या दरबारी इतिहासकार झाला, आणि १३०१मध्ये रत्नं व सुगंधी द्रव्यांवर लिहिलेल्या ग्रंथाच्या शेवटी त्यानं वाडवडिलांची कृती नोंदवून ठेवली. या माणसाचे आपल्यावर फार उपकार आहेत. दहा भाग गारगोटीचं पीठ, एक भाग काचेची पूड, एक भाग पांढरी माती, असं तो मापासकट सांगतो. चिनी भांड्यांसारखं पांढरंशुभ्र अंग हवं होतं, पण चिन्यांची माती हाताशी नव्हती. म्हणून हे मिश्रण. त्यावर कथील घातलेली दुधी झिलई चढवायची आणि भांडं पक्कं भाजून काढायचं.

खरी परीक्षा यानंतर सुरू होते. चांदी आणि तांब्याची संयुगं घोटून द्राक्षाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये कालवायची, भाजलेल्या झिलईवर त्यानं चित्र काढायचं, आणि भांडं पुन्हा वेगळ्या भट्टीत ठेवायचं. ही आंच मंद असते. अबुल कासिम सांगतो, बहात्तर तास हलका धूर द्यायचा. भट्टीत हवा कमी पडते, धुरातला कार्बन मोनॉक्साइड धातूच्या संयुगातला ऑक्सिजन ओढून घेतो, आणि चांदी-तांब्याचे अतिसूक्ष्म कण झिलईतच अडकून राहतात. हा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. भट्टी निवल्यावर ओल्या मातीनं घासलं की वरची काजळी जाते आणि झळाळी उघडी पडते. धूर कमी पडला तर रंग उमटत नाही. आंच वाढली तर झिलई मऊ होऊन लेप तिला चिकटून बसतो. एकदा भाजून झालेलं, विकता येईल असं चांगलं भांडं पुन्हा त्या धुरात घालायला छाती लागते.

या कुंभारांनी आपली नावं लिहून ठेवली, याचा मला विशेष आनंद वाटतो. मुहम्मद इब्न अबू ताहिरनं अबू झैद या थोर कारागिराबरोबर मशहदच्या दर्ग्यात १२१५मध्ये काम केलं. थोड्याच वर्षांत मंगोल स्वाऱ्यांनी इराण उद्ध्वस्त केला, तरी घराण्यातली विद्या टिकली. मुहम्मदचा मुलगा अली यानं १२६५मध्ये तेहरानजवळच्या वरामीन इथल्या इमामजादा याह्या या समाधीसाठी भव्य मेहराब घडवली. अलीचा मुलगा यूसुफ यानं त्याच समाधीच्या कबरीवरचं काम १३०५मध्ये केलं. अबुल कासिम हा यूसुफचा भाऊ.

बीदरला महमूद गवानाचा मदरसा पाहिलेल्यांना इराणी फरशीकाम ओळखीचं असेल. तिथले रंग देखणे आहेत, पण माणूस चालू लागला की ते बदलत नाहीत. वरामीनच्या त्या समाधीच्या भिंतीवर मात्र पडद्यावरच्यासारखे झळाळीचे तारे आणि त्यांच्या मधल्या जागा भरणारे क्रूस असे सलग बसवलेले होते, ताऱ्यांच्या कडांवर कुराणातली वचनं होती. दिव्याच्या उजेडात भाविक पुढे सरकला की झळाळी त्याच्याबरोबर एका फरशीवरून दुसरीवर सरकत जाणार.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती भिंत सोलली गेली. मेहराब पॅरिसच्या बाजारातून फिरत १९४०च्या सुमारास डोरिस ड्यूक या धनाढ्य अमेरिकन बाईंकडे गेली आणि आज होनोलुलूत आहे. यूसुफचं काम सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये आहे. तारे लंडनपासून अनेक संग्रहालयांत पांगले. समाधी अजून श्रद्धास्थान आहे. भिंतीच्या गिलाव्यात उपटलेल्या फरश्यांचे ठसे आहेत.

वस्तू जपल्या गेल्या, असं यावर सांगितलं जातं. फरशी जपली गेली हे खरं, पण एकटी फरशी, काचेच्या पेटीत, एकाच जागी खिळलेल्या दिव्याखाली ठेवली तर बहात्तर तास धूर देऊन मिळवलेलं नेमकं तेच हरवतं. परत देण्याचा प्रश्न त्या त्या देशांची सरकारं सोडवतील तेव्हा सोडवोत. तोवर संग्रहालयांना एवढं तरी करता येईल : तारे आणि क्रूस एकत्र मांडावेत, दिवा असा लावावा की चालणाऱ्याला झळाळी हलताना दिसेल, आणि नोंदीच्या पाटीवर काशानबरोबर वरामीनच्या त्या समाधीचंही नाव लिहावं.