अंगांत येणारें गाऱ्हाणें

खेड्यांतील भुताखेतांचा विषय निघाला कीं आपल्या शहरी घरांत बहुधा हंसूं येतें. पण भूत खरें कीं खोटें, एवढ्या एकाच प्रश्नाशीं थांबल्यास विषयाचें मर्म हातून निसटतें. अंगांत आलेलें भूत जें गाऱ्हाणें सांगतें, तें असतें कोणाचें, हा प्रश्न मी आज आपल्यापुढें ठेवणार आहें.

प्रथम भुतांची नांवनिशीच पाहूं. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नापूर्वीं मेलेला मुलगा. त्याचें ठाणें पिंपळावर. हडळ म्हणजे बाळंतपणांत दगावलेली स्त्री. ज्याचें जें राहून गेलें, तें मागावयास तो परत येतो, अशी ही समजूत. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनीं अशा समजुती शाळामास्तरांकडून लिहवून घेतल्या, आणि त्यांच्या पश्चात् एन्थोवेन यांनीं त्यांतील कोंकणच्या नोंदी १९१५ सालीं प्रसिद्ध केल्या. तें एका अर्थीं अपुऱ्या आयुष्यांचें दप्तरच आहे.

अंगांत येण्याचेहि दोन प्रकार. जत्रेंत देवाचें वारें आलें, तर लोक त्या माणसाच्या पायां पडतात. घरांतील सुनेस मात्र बाधा झाली म्हणतात, आणि देवर्ष्याला बोलावणें जातें. तो विचारतो, ‘तूं कोण? कोठून आलास? तुला काय पाहिजे?’ मग एरवीं सासूपुढें मान वर न करणारी ती मुलगी घुमूं लागते, सासूला एकेरीनें हाक मारते, लुगडें मागते; आणि सारें घर तें मुकाट्यानें ऐकून घेतें. हें सोंगच असतें असें नव्हे. ज्या दुःखाला स्वतःच्या नांवानें तोंड फुटत नाहीं, तें पुष्कळदां दुसऱ्याच्या नांवानें बोलतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणांत अशा अवस्थेची नोंद आहे. समाजमान्य धर्मविधींत येणारें वारें मात्र त्यांतून वगळलेलें आहे.

पण या ऐकून घेण्याची किंमत फार पडते. भूत बोलेना, तर छडी उगारली जाते, मिरचीची धुरी दिली जाते. फेफऱ्याचें दुखणें असेल, तर औषधाचे दिवस अंगाऱ्याधुपाऱ्यांत जातात. महाराष्ट्रांत २०१३ सालीं झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यानें भूत उतरविण्याच्या मिषानें बांधणें, मारणें, धुरी देणें हा गुन्हा ठरला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनीं त्यासाठीं वर्षानुवर्षें खटपट केली, आणि त्याच वर्षीं २० ऑगस्टला पुण्यांत त्यांची हत्या झाली.

कायदा छडी थांबवील. गाऱ्हाणें ऐकण्याचें काम घरानेंच करावयाचें आहे. ‘तुला काय पाहिजे?’ हा देवर्ष्याचा प्रश्न सुनेला ती शुद्धीवर असतांना, तिच्याच नांवानें विचारला गेला, आणि जोडीला डॉक्टरचा सल्ला मिळाला, तर पुष्कळ भुतांना उंबरठा ओलांडण्याचें कारणच उरणार नाहीं. हा प्रश्न विचारण्याची गरज केवळ खेड्यांतील घरांनाच आहे, असें मात्र आपण समजूं नये.