चालावे, आणि थोडे धावावेही
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी ह्या व्यासपीठावरून शिकलेल्या बायका बोलतात आणि मी मागे कपबश्या मांडीत असते. यंदा चिटणीसबाईंनी मलाच उभे केले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा मोठमोठे शब्द माझ्याजवळ नाहीत. पायांखालून जे गेले तेवढे सांगते.

विषय चालण्याचा आहे. आपल्या बोरिवलीला देवाने आणि सरकारने मिळून एक ठेवा दिला आहे, तो म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे रान, तेही मुंबईच्या उपनगरांना लागून! १८६० साली बांधलेला विहार आणि १८७९ सालचा तुळशी हे दोन्ही तलाव ह्याच रानात असून आजही मुंबईला पाणी देतात. बाहेरगावचे लोक हे पाहायला येतात, आणि आपण मात्र पाहुणे आले म्हणजेच तिकडे जातो.

"घरात दिवसभर पायांना भिंगरी असते, आणखी वेगळे कशाला चालायचे?" हे आपण सगळ्याच म्हणतो. माझी साखर वाढली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ह्याचे उत्तर दिले. ओट्यापासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून गॅलरीपर्यंत चार पावले टाकून आपण थांबतो. त्याने पाय दुखतात, पण श्वास काही वाढत नाही. सलग झपझप चालले म्हणजे स्नायू रक्तातली साखर सरपणासारखी वापरतात. हाडांवर वजनही पडते, आणि पाळी जाण्याच्या वयात हाडांना ते हवेच असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले, की मोठ्या माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटे असा व्यायाम करावा. म्हणजे रोज अर्धा तास, आणि आठवड्यातून दोन दिवस सुट्टी. इतकी सुट्टी आपल्याला स्वयंपाकघरानेही कधी दिली नाही!

खरी अडचण पायांची नसते. आमच्या कोकणात लहानपणी मी कोस कोस चालले आहे, पण डोक्यावर हंडा असे, नाहीतर मोळी असे. तेव्हा कोणी विचारले नाही, की पोरी कुठे चाललीस. बाई ओझे घेऊन चालली तर ती कामाची. रिकाम्या हातांनी चालली तर ती रिकामटेकडी! मी बूट घालून निघाले त्या दिवशी शेजारच्या काकूंनी विचारले, "काय हो, दूध संपलं का?" आणि मी थोडे धावते हे कळल्यावर सासूबाई म्हणाल्या, "धावायचं ते गाडी चुकत असेल तेव्हा." मी म्हटले, "आई, माझी गाडी चुकतच आली होती, म्हणून तर धावते." त्या हसल्या. आता सकाळचे पहिले आधण त्याच ठेवतात. ह्यांनीही डबा भरायला शिकून घेतले. घर मोडले नाही, भगिनींनो. एका तासाने घर मोडत नाही.

धावणे म्हणजे शर्यत नव्हे. मी सुरुवातीला एक मिनिट धावत असे आणि तीन मिनिटे चालत असे. कान्हेरीकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर ह्या झाडापासून त्या झाडापर्यंत, असे माझे माप होते. चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत वेग बरा. छातीत दुखले, चक्कर आली, तर तिथेच थांबावे आणि डॉक्टरांना दाखवावे. ज्यांना साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी आहे त्यांनी आधी विचारूनच सुरुवात करावी. आणि बूट चांगले घ्यावेत. मुलांना दरसाल नवे बूट येतात आणि आपण झिजलेल्या चपलेवर वर्ष काढतो. मी भिशीच्या पैशांतून घेतले. अजून त्याची चुटपुट लागली नाही.

आता बिबट्याविषयी. रान त्याचे आहे, आपण पाहुण्या. २००४ साली उद्यानाच्या आसपास त्याच्या हल्ल्यांत अनेक माणसे गेली, हे विसरू नये, पण घाबरून घरीही बसू नये. तो बहुधा संध्याकाळ ते पहाट फिरतो. म्हणून नीट उजाडल्यावरच जावे, दोघीतिघींनी जावे, मोठा रस्ता सोडून झाडीत शिरू नये. कानांत गाणी घालू नयेत. मूल बरोबर असेल तर त्याचा हात सोडू नये. दिसलाच तर वाकू नये, पळू नये; तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरावे. आणि वस्तीजवळ उष्टे-खरकटे टाकू नये. खरकट्यावर कुत्री येतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो.

ह्याच रस्त्याने पाड्यांतल्या आदिवासी बाया डोक्यावर पाटी घेऊन येतात. आपण साखर कमी करायला चालतो, त्या पोटासाठी चालतात. त्यांना वाट द्यावी, रानमेवा घेताना घासाघीस करू नये. आणि वर कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत. त्यांतल्या जुन्या लेखांत दान देणाऱ्या व्यापाऱ्यांबरोबर स्त्रियांचीही नावे आहेत, असे तिथे एका जाणत्या बाईंनी मला सांगितले. दोन हजार वर्षांपूर्वी ह्या डोंगराला बायकांची पावले लागली होती. आपण काही नवल करीत नाही.

शेवटी एक गोष्ट. ह्या रानात कारवी नावाचे झुडूप आहे. ते आठ वर्षांतून एकदाच फुलते. २०१६ साली फुलले तेव्हा मला कुणी सांगितले नाही. २०२४ साली मी स्वतः चढून गेले आणि जांभळा झालेला उतार पाहिला. पुढचा बहर २०३२ साली. तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेली असेन. तो बहर मला कुणाच्या गाडीतून नव्हे, कुणाच्या आधाराने नव्हे, माझ्या दोन पायांनी जाऊन पाहायचा आहे. आणि तुम्ही सगळ्या बरोबर हव्या आहात.

येत्या रविवारी उजाडल्यावर मी उद्यानाच्या मोठ्या दरवाजाशी उभी असेन. पातळ नेसून या, पंजाबी ड्रेस घालून या, पण रिकाम्या हातांनी या.