ऐकूं न आलेली शीळ



सेवानिवृत्त मनुष्य दिवसभर करतो तरी काय, असा प्रश्न नोकरींत असलेल्या माणसांना नेहमीं पडतो. मलाहि पडत असे. पाटबंधारे खात्यांत पस्तीस वर्षें हिशेबाचीं पुस्तकें सांभाळून २०१४ सालीं मी घरीं बसलों. पहिला महिना झोपेंत गेला, दुसरा कपाटें आवरण्यांत गेला, आणि तिसऱ्या महिन्यांत घरांतल्या मंडळींनीं अतिशय सभ्य शब्दांत सुचविलें कीं, आतां एखादा उद्योग पाहावा. घराबाहेरचा उद्योग, असा त्या सूचनेचा अर्थ होता. मीं तो घरांतलाच पाहिला. खिडक्यांच्या कड्या बसविल्या, पुस्तकांसाठीं फळ्या ठोकल्या (त्यांपैकीं एक अद्याप डावीकडे कललेली आहे), गच्चींत कढीलिंबाचें झाड लाविलें, आणि सरतेशेवटीं माळ्यावरचा वडिलांचा रेडिओ खालीं काढला.

प्रकृतीच्या तक्रारींचा पाढा मी येथें वाचणार नाहीं. गुडघे जिना चढतांना बोलतात, रक्तांतल्या साखरेचा जाब दर तीन महिन्यांनीं डॉक्टरांना द्यावा लागतो; हें आपणांपैकीं पुष्कळांच्या घरीं आहेच. मला सांगावयाचें आहे तें एका निराळ्या दुखण्याविषयीं. तें मुळीं दुखतच नाहीं, आणि म्हणूनच पांचसहा वर्षें तें मला कळलें नाहीं. तें कळलें या रेडिओमुळें.

हा रेडिओ वडिलांनीं १९६१ सालीं घेतला. तेव्हां मी पांच वर्षांचा होतों. मोठी लाकडी पेटी, पुढें सोनेरी धाग्यांची जाळी, हस्तिदंती रंगाच्या गोल खुंट्या, आणि मध्यभागीं एक हिरवा डोळा. केंद्र नेमकें जुळलें कीं त्या डोळ्याची पापणी मिटत येई. त्या काळीं रेडिओ बाळगावयाचा तर टपालकचेरींतून परवाना काढावा लागे, आणि वडील तो परवाना रेशनकार्डाइतक्याच काळजीनें जपत. बुधवारीं रात्रीं आठ वाजतां सिलोनहून अमीन सायानींचा आवाज आला कीं आळींतलीं सारीं मुलें आमच्या ओसरीवर जमत. वडील स्वतः मात्र बातम्या आणि भाषणें ऐकत. पुणें केंद्र १९५३ सालीं सुरू झालें, तेव्हांपासून तें आपल्यासाठींच सुरू झालें आहे अशी त्यांची समजूत असावी. पुढें घरांत ट्रान्झिस्टर आला, आणि हा वजनदार गृहस्थ माळ्यावर गेला.

साठ वर्षांचा रेडिओ एकदम विजेला जोडूं नये, हा पहिला धडा. त्यांतील कंडेन्सरांचा कागद आणि आंतलें द्रव्य काळानें खराब झालेलें असतें. प्रवाह सोडला कीं एखादा फुटतो, आणि तो जातांना ट्रान्सफॉर्मरलाहि बरोबर नेतो. म्हणून जाणते लोक आधीं रेडिओच्या मालिकेंत साठ वॉटचा जुन्या पद्धतीचा दिवा जोडतात. दिवा प्रखर पेटला तर आंत कोठें तरी घोटाळा आहे. मंद राहिला तर पुढें जावयास हरकत नाहीं. तारेचा दिवा हल्लीं सहज मिळत नाहीं. मला तो जुन्या बाजारांत एका रविवारीं, सायकलीच्या घंट्या आणि कुलपें यांच्या ढिगांत मिळाला. कंडेन्सर तपकीर गल्लींतून आणले. एक व्हॉल्व्ह गेलेला होता, त्यासाठीं मुंबईस लॅमिंग्टन रोडपर्यंत खेप करावी लागली. दुसरा धडा असा कीं, विजेची खुंटी काढून ठेवली तरी आंतल्या मोठ्या कंडेन्सरांत अडीचशें व्होल्टांचा दाब दबा धरून बसलेला असूं शकतो. म्हणून तो आधीं उतरवून घ्यावयाचा, आणि यंत्र चालू असतांना तपासावयाचें तर एक हात खिशांत ठेवावयाचा. म्हणजे प्रवाहाला एका हातांतून छातीमार्गें दुसऱ्या हातांत जाण्याची वाट राहत नाहीं. हें मीं घरांत सांगितलें, ती माझी चूक झाली. त्या दिवसापासून मी काम करीत असतांना कोणी तरी दारांत उभें राहूं लागलें.

पेटीचें काम त्या मानानें सुखाचें. काचकागदानें जुनें पॉलिश हळू हळू उतरविलें, चपडा लाख स्पिरिटमध्यें विरघळवून कापसाच्या बोळ्यानें हात दिले. एकंदर अकरा हात. डाख देतांना चष्मा वर ढकलावा लागे आणि गुडघा दुमडतां येत नसल्यामुळें सारें काम खुर्चीवर बसून मांडींतल्या पाटावर चालले. सुमारें दीड वर्ष गेलें. २०२२ च्या दिवाळींत, नरकचतुर्दशीच्या संध्याकाळीं, हिरवा डोळा उघडला. पहिल्यानें मोठी घरघर येत होती. प्रवाह गाळणारा एक कंडेन्सर बदलतांच तीहि गेली. लघुलहरींवर दूरदेशींचीं कांहीं केंद्रें अजून बोलतात, त्यांतलें एक लागलें. भाषा कोणती तें समजलें नाहीं. परंतु आवाज कसा स्वच्छ, गोल, मागें कसलीहि खरखर नाहीं! मीं अभिमानानें सर्वांकडे पाहिलें.

माझी नऊ वर्षांची नात कानांवर हात ठेवून उभी होती. ती म्हणाली, “आबा, तो शीळ कां घालतो आहे?”

शीळ? मला शीळ येत नव्हती. दुसऱ्या दिवशीं मीं यंत्र पुन्हा उघडलें. सारे डाख तपासले, तारा दूर दूर केल्या, एक कंडेन्सर उगाच बदलला. संध्याकाळीं परीक्षा झाली, शीळ होतीच. असें जवळ जवळ पंधरा दिवस चाललें. शेवटीं मला वाटलें कीं, पोर माझी थट्टा करते आहे. मीं तिला पाठमोरी उभी केली आणि सांगितलें, शीळ आली कीं हात वर कर. मी खुंटी फिरवीत राहिलों. तिचा हात वर होई, खालीं येई. आणि खुंटी पुन्हा त्याच जागीं आली कीं नेमका पुन्हा वर होई. थट्टा अशी हिशेबशीर नसते. एवढ्यांत आमच्या घरांतून आवाज आला, “अहो, मलाहि ती पहिल्या दिवसापासून ऐकूं येते आहे. मला वाटलें, तुम्हांला ती चालते.”

रेडिओंत दोष नव्हताच, हें पुढें कळलें. लघुलहरींवर केंद्रांच्या जागा पांच पांच किलोहर्ट्झच्या अंतरानें आंखलेल्या असतात. रात्रीं शेजारशेजारच्या दोन केंद्रांच्या लहरी एकाच यंत्रांत शिरल्या कीं त्यांच्या वजाबाकीएवढी, म्हणजे सेकंदाला पांच हजार कंपनांची, बारीक शीळ उमटते. चांगल्या कानाला ती त्रास देते. दोष होता तो खुर्चीवर बसलेल्या यंत्रांत.

श्रवणाची तपासणी ज्यांनीं केली नसेल त्यांच्यासाठीं सांगतों. एका बंद खोलींत बसवून कानांना भोंगे लावितात. आवाज आला कीं हातांतली कळ दाबावयाची. मधून मधून इतकी लांब शांतता होई कीं मला वाटलें, तपासणाऱ्या बाई चहा प्यावयास गेल्या असाव्यात. कांचेंतून पाहिलें तर त्या जागेवरच होत्या, आणि आवाज देत होत्या. मग त्यांनीं आलेख दाखविला. जाड, खर्जांतल्या आवाजांची रेघ बरीचशी सरळ. हजार कंपनांच्या पुढें ती वाकते, आणि चार हजारांपाशीं खंडाळ्याच्या घाटासारखी खालीं उतरते. चार हजारांवर माझा कान साठ डेसिबेलांशिवाय जागा होत नाहीं. रेडिओची घरघर मला ऐकूं आली आणि शीळ आली नाहीं, याचा उलगडा त्या एका रेघेंत होता.

कानाच्या आंत गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते, आणि तिच्यांत केंसासारखे तंतू असलेल्या सुमारें पंधरा हजार पेशी. बारीक आवाजांच्या पेशी शंखाच्या तोंडाशीं, जाड आवाजांच्या आंत टोकाशीं. वयोमानानें झिजतात त्या तोंडाजवळच्या आधीं. आणि माणसाच्या कानांत त्या एकदां गेल्या कीं पुन्हा उगवत नाहींत. पक्ष्यांच्या कानांत उगवतात. १९८० नंतरच्या दशकांत कोंबडीच्या पिलांवर हें दिसून आलें, आणि माणसाच्या बाबतींत तसें करतां येईल काय याचा शोध चालू आहे. आमच्या खिडकींतला कावळा या बाबतींत माझ्याहून सुदैवी आहे.

यांत फसगत अशी कीं, ऐकूं येतच असतें. स्वर जाड असतात, ते कानांत शिरतात. व्यंजनें बारीक असतात, तीं बाहेर राहतात. विशेषतः स, श, च, फ हीं अक्षरें. म्हणजे माणूस बोलतो आहे हें कळतें, पण शब्दाची धार गेलेली असते. ‘साठ’चा ‘आठ’ होतो, ‘चहा’चा ‘दहा’ होतो. मनुष्याला वाटतें, लोक हल्लीं पुटपुटूं लागले आहेत. नळ दुरुस्त करणारा ‘सहाला येतों’ म्हणाला. मीं ‘दहाला’ ऐकलें, आणि सहा वाजतां दाराला कुलूप लावून फिरावयास गेलों. तो येऊन परत गेला, आणि बेजबाबदार मीं त्यालाच ठरविलें. आपल्याकडे आंधळ्याची कींव करतात आणि बहिऱ्याची चेष्टा करतात. त्यामुळें कोणीहि बहिरा होऊं इच्छित नाहीं. तो शब्दांच्या ऐवजीं अंदाजानें काम भागवितो, आणि अंदाज चुकण्याची भीति वाटूं लागली कीं बोलणेंच टाळतो. मीं त्यासाठीं एक शब्द हातीं धरला होता: ‘बघूं.’ न कळलेल्या कोणत्याहि प्रश्नाला तो चालतो.

तो आलेख घेऊन मी घरीं आलों, आणि थोडा विनोद करीतच पत्नीला सांगितलें कीं, अंधारांत, पंखा चालू असतां, ओठ दिसत नसले तर मला तुझें निम्मेंहि बोलणें कळत नाहीं. ती मेथी निवडीत होती. हातांतली जुडी खालीं ठेवून तिनें विचारलें, “मग त्या रात्रीं मी ताईविषयीं बोललें, तें तुम्हांला ऐकूं आलें नव्हतें?”

तिची थोरली बहीण कोंकणांत देवरुखास असे. २०२१ च्या उन्हाळ्यांत ती अंथरुणाला खिळली होती, एवढें मला ठाऊक होतें. दिवा मालविल्यावर पत्नीनें मला दोनदां विचारलें होतें, ताईला एकदां भेटून येऊं या का; आणि दोन्ही वेळां मीं म्हटलें होतें, “बघूं.” साथीचे दिवस होते, तिला वाटलें, मी प्रवासाला भितों आहें, आणि तिनें तिसऱ्यांदा विचारलें नाहीं. त्या श्रावणांत ताई गेल्या.

मीं सांगितलें कीं, नाहीं, मला तें ऐकूं आलें नव्हतें. ती पुष्कळ वेळ कांहीं बोलली नाहीं. दीड वर्ष तिनें माझा नकार मनांत ठेवून घेतला होता, आणि मीं तो दिलाच नव्हता. ‘बघूं’ या शब्दाखालीं दुसऱ्या किती गोष्टी गाडल्या गेल्या याचा हिशेब मी तेव्हांपासून लावीत आहें. हिशेब हा माझा व्यवसाय असूनहि तो लागत नाहीं.

श्रवणयंत्र मीं दुसऱ्याच आठवड्यांत घेतलें. तत्पूर्वीं पैशांचा विचार, म्हातारपणाचा शिक्का, शेजारी काय म्हणतील, असल्या ज्या सबबी मीं स्वतःशीं तयार ठेविल्या होत्या, त्यांपैकीं एकहि त्या दिवसानंतर तोंडांतून निघाली नाहीं. चष्मा लावतांना आपण कोणाची परवानगी घेत नाहीं. कानाच्या बाबतींतच एवढी लाज कां, हें मला अजून समजलेलें नाहीं. वैद्यकाचें म्हणणेंहि ऐकण्याजोगें आहे. स्मृतिभ्रंशाच्या ज्या कारणांवर मनुष्याला कांहीं इलाज करतां येतो, त्यांत ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञमंडळानें २०१७, २०२० आणि २०२४ या तिन्ही अहवालांत श्रवणदोषाची गणना केली आहे. २०२३ सालीं अमेरिकेंत सत्तर ते चौऱ्याऐंशी वयाच्या ९७७ लोकांवर झालेला प्रयोग प्रसिद्ध झाला; त्यांत सर्वांचा एकत्र विचार करतां तीन वर्षांत यंत्राचा फरक पडला नाहीं, परंतु ज्यांना मुळांतच धोका अधिक होता त्यांची बुद्धीची झीज सुमारें निम्म्यानें मंदावलेली आढळली. म्हणजे यंत्र हें कांहीं रामबाण औषध नव्हे. लग्नाच्या कार्यालयांत तें जवळ जवळ निरुपयोगी ठरतें. तेथें मी अजून हंसून मान डोलवितों. गेलेल्या पेशींचें कामहि तें पुरें करूं शकत नाहीं.

पहिले दिवस तर त्रासाचेच गेले. वर्तमानपत्राचें पान उलटतांना पत्रा वाजल्यासारखा होई. कुकरची शिटी मस्तकांत जाई. नळाच्या पाण्याला, स्वतःच्या चपलांना, कढईंत पडणाऱ्या मोहरीला इतका आवाज असतो हें मी विसरलों होतों. मेंदूला हे आवाज पुन्हा ओळखावयास कांहीं आठवडे लागतात, असें बाईंनीं बजावून ठेविलें होतें, म्हणून मीं तें काढून ठेविलें नाहीं. महिन्याभरानें एका पहाटे खिडकीबाहेर एक पक्षी बारीक आवाजांत बोलत होता. तो त्या झाडावर नवा आला आहे असें मला वाटलें. नात म्हणाली, तो नेहमींचाच आहे.

आतां रात्रीं झोपण्यापूर्वीं मी यंत्र कानांतून लौकर काढीत नाहीं. पत्नीचें दिवसभरांतलें जें कांहीं सांगावयाचें असेल तें सांगून झालें म्हणजे काढतों. पहिल्यानें ती फारसें बोलत नसे. संवय मोडली होती. हल्लीं बोलते. २०२३ च्या मे महिन्यांत आम्ही देवरुखास जाऊन आलों. ताईंच्या घराला कुलूप होतें. शेजाऱ्यांनीं अंगणांतल्या झाडाचे आंबे दिले.

रेडिओ चालू आहे. संध्याकाळीं जेवणापूर्वीं मी तो लावितों, आणि लघुलहरींवर खुंटी त्या जागीं आली कीं शीळ येते. आवाज पातळ, टोकदार आणि खरोखर अत्यंत कर्कश आहे. नात कानांवर हात ठेवी त्यांत तिचें कांहीं चुकत नव्हतें. मी मात्र क्षणभर तेथें थांबतों. मग स्वयंपाकघरांतून हांक येते, “अहो, बंद करा तें.” तेव्हां मी बंद करतों.