खुनी कोण, ते सांगू नका!

(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



पार्किंगवरून वरच्या मजल्यावरच्या एका सभासदांचं आणि माझं वर्षभर बोलणं बंद होतं. एकदा लिफ्टमध्ये त्यांच्या हातात बाबुराव अर्नाळकरांचं जुनं पुस्तक दिसलं. राहवलं नाही. विचारलं, "झुंजार की काळापहाड?" ते हसले. दुसऱ्या दिवशी पुस्तक माझ्या घरी!

मग मी त्यांना सुहास शिरवळकर दिले, त्यांनी मला गुरुनाथ नाईक. नातीनं दोघांनाही अगाथा ख्रिस्तींची १९२६ सालची 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' वाचायला लावली. शेवट वाचून मी रात्री साडेअकराला त्यांना फोन केला.

पुस्तक सुचवताना दोन पथ्यं पाळावीत. समोरच्याला काय आवडतं ते आधी विचारावं. कोडं सोडवायचं असेल तर ख्रिस्ती, थरार हवा असेल तर नाईक. आणि खुनी कोण, ते मुळीच सांगू नये.

पार्किंगचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पण आता आम्ही चहा घेत भांडतो.

तेव्हा प्रत्येकानं आवडतं एक पुस्तक सोसायटीच्या ऑफिसातल्या कपाटात आणून ठेवावं, एवढीच विनंती.