नेम की नशीब?

४० फुटांवर रोवलेली, जमिनीवर जेमतेम १४ इंच डोकावणारी लोखंडी खुंटी आणि तिच्यात अडकवायची सव्वा किलोच्या आसपासची नाल. अमेरिकेतला हा खेळ अनेकांना परसातला विरंगुळा वाटतो. बसला नेम तर बसला! ॲलन फ्रान्सिस यांची कारकीर्द पाहिली की हे म्हणणे टिकत नाही. मिझुरीत वाढलेल्या, पुढे ओहायोतल्या डिफायन्स गावी स्थायिक झालेल्या फ्रान्सिस यांनी १९८९ मध्ये पुरुषांचे पहिले जागतिक विजेतेपद मिळवले. आज ही संख्या २०च्या पुढे गेली आहे. रंगात असले की त्यांच्या १०० पैकी ९०च्या आसपास नाली खुंटीला वेढा घालतात. नशीब इतके शिस्तीत वागत नाही. बहुतेक नामवंत खेळाडू नाल आडवी फिरवत सोडतात. फ्रान्सिस तिला हवेत अशी फिरवतात की तिचे उघडे तोंड नेमके खुंटीसमोर उतरते.

खेळणारेच मोजके, मग विजेतेपदे स्वस्तच, असे कुणी म्हणेल. पण स्पर्धक कमी म्हणून खुंटी काही जवळ येत नाही. शिवाय दोघांच्याही नाली अडकल्या तर गुण परस्पर कटतात, त्यामुळे बरोबरीच्या सामन्यात एक चूकही महागात पडते. याच खेळातल्या टेड ॲलन यांची दहा जागतिक विजेतेपदे १९३३ ते १९५९ या काळात विखुरलेली आहेत. इतकी वर्षे मनगट तयारीत ठेवणे हे काही मैदान रिकामे असल्यामुळे साधत नाही.