गुरुवार, चौथी 'ब'

निवेदकांनी माझं नाव सांगितलं नाही, ती त्यांची चूक नव्हे. मी 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'चा, म्हणजे 'एए'चा सभासद आहे. एएच्या बारा परंपरा आहेत. त्यांतली अकरावी म्हणते, की वर्तमानपत्र, रेडिओ आणि चित्रपट यांत सभासदानं आपलं नाव झाकून ठेवावं. तेव्हा एक दारुडा, सध्या न पिणारा, एवढी ओळख पुरे.

मला बोलायचं आहे ते मीटिंग शोधण्याबद्दल. पत्ता हिनंच मिळवला होता, शेजारच्या काकूंच्या भावाकडून. एका चिठ्ठीवर शाळेचं नाव, गुरुवार, संध्याकाळी सात. ती चिठ्ठी तीन आठवडे मी पाकिटात घालून हिंडलो. शेवटी एकदा गेलो. शाळेच्या फाटकावरून तीनदा पुढे निघून गेलो, कोणी ओळखीचं बघत नाही ना, म्हणून. गुत्त्यातून झोकांड्या खात बाहेर पडताना ही लाज कधी वाटली नव्हती! आत गेलो, तर वर्गाला कुलूप. गटानं जागा बदलली होती, चिठ्ठी जुनी होती. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! "गेलो होतो, कुणीच नव्हतं," असं घरी सांगायला मी मोकळा झालो. त्या रात्री प्यायलो आणि पुढे आठ महिने पीत राहिलो. त्या आठ महिन्यांत नोकरी गेली, आणि मुलीनं माझ्याशी बोलणं सोडलं.

दोष चिठ्ठीला देत नाही. पण पहिल्यांदा जाणारा माणूस परत फिरायला निमित्तच शोधत असतो. म्हणून आधी फोन करा. मोठ्या शहरांत एएचे दूरध्वनी आहेत, संकेतस्थळावर गटांची यादी मिळते. जागा, वार, वेळ आणि मीटिंगची भाषा विचारून घ्या. मीटिंग खुली की बंद, हेही विचारा. खुल्या मीटिंगला घरचं माणूस सोबत बसू शकतं. बंद मीटिंग फक्त पिण्याचा त्रास असणाऱ्यांची. आणि एक प्रश्न लाजू नका: "फाटकापाशी मला कुणी भेटेल का?"

दुसऱ्या वेळी हिनं तोच प्रश्न विचारला होता. पाऊस होता. छत्री घेऊन एक गृहस्थ उभे होते. शाळेच्या वॉचमननं माझ्याकडे पाहून विचारलं, "दारूवाल्यांची मीटिंग ना? वर, चौथी 'ब'." मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर लहान मुलांचे बाक, भिंतीवर पाढे, थर्मासमध्ये चहा. नाव-गाव लिहायची वही नाही, फी नाही. शेवटी एक पिशवी फिरते, ज्याला जमेल तो चहा-भाड्यापुरतं टाकतो. अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. उपदेश कुणी केला नाही. एकानं सांगितलं, तो बाटली गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे लपवायचा. माझी जागा तांदळाच्या डब्यातली होती. इतकी वर्षं मला वाटत होतं, ही अक्कल माझी एकट्याची!

या सगळ्याची सुरुवातही अशाच एका शोधातून झाली. १९३५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कचा बिल विल्सन कामासाठी अमेरिकेतल्याच ॲक्रन गावी गेला होता. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले, धंद्याचं काम फसलेलं, आणि हॉटेलात समोरच बार. तो बारकडे न जाता टेलिफोनकडे वळला. चर्चच्या यादीतून एका धर्मगुरूंना फोन केला आणि आपल्यासारख्याच एखाद्या दारुड्याशी गाठ घालून द्या, अशी विनंती केली. फोनामागून फोन करत अखेर त्याची भेट डॉक्टर बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी झाली. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले होते, बोलत बसले कित्येक तास. त्यांनी शेवटचा पेला घेतला त्या १० जूनला एएचा जन्मदिवस मानतात.

आता एक सावधगिरीची सूचना. रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम दारू तोडू नये. हात थरथरतात, भास होतात, झटके येतात. प्रसंगी जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर, मग मीटिंग. मीटिंग म्हणजे दवाखाना नव्हे. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकारानं १९८६ साली सुरू झालेलं 'मुक्तांगण' आहे, तशी इतर केंद्रंही आहेत. गावात काहीच नसेल, तर १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा सरकारी क्रमांक आहे. २०२० च्या टाळेबंदीपासून मोबाईलवरच्या मीटिंगही रुळल्या आहेत. माणूस जायला तयारच नसेल, तर घरच्यांनी थांबून राहू नये. त्यांच्यासाठी 'अल-ॲनॉन' ही वेगळी संघटना आहे. ही माझ्याआधी तिथं जात होती, मला पुष्कळ उशिरा कळलं.

दर गुरुवारी पावणेसातला फाटकाशी उभं राहायचं काम आता माझ्याकडे आहे. मागच्या आठवड्यात एक तरुण मुलगा दोनदा पुढे निघून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी एवढंच म्हटलं, "चौथी 'ब'ला ना? चला, मीही तिकडेच निघालोय."